शितावरून भात आणि एक छोटासा 'च'

घरी सत्यनारायण होता. तीसेक माणसांचा भात गच्चीवर मोठ्या पातेल्यात लावला होता. मावशीनं झाकण सरकवलं, वरचं एक शीत उचलून बोटांत दाबलं आणि म्हणाली, "झाला, उतरवा." पहिली पंगत बसली. वरचा भात मऊ, मोकळा. वाढपी मध्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचा हात थांबला. आतल्या शितांत कणी होती आणि तळ करपला होता.

मावशीची रीत चुकीची म्हणता येणार नाही. रोजच्या चार वाट्यांच्या भाताला तीच रीत बिनचूक लागू पडते, म्हणून तर 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण झाली. अडचण वेगळीच आहे. ही रीत कुठे चालेल आणि कुठे फसेल, हे आधी कसं ओळखायचं?

हाच प्रश्न, याच भाताचं उदाहरण घेऊन, धर्मकीर्ती नावाच्या बौद्ध पंडितानं साधारण सातव्या शतकात विचारला. त्याच्या 'प्रमाणवार्त्तिक' या ग्रंथातल्या एका कारिकेचा शेवट 'स्थालीतण्डुलपाकवत्' असा आहे, म्हणजे 'पातेल्यातले तांदूळ शिजण्यासारखं'. उलट उदाहरण आजवर दिसलं नाही, एवढ्यावर नियम सिद्ध होत नाही, असं तो तिथे सांगतो. बौद्ध तर्कशास्त्राचा सगळा प्रवास या पातेल्यापर्यंत कसा आला, ते आता बघू.

सुरुवात तर्कानं झाली नाही, भांडणानं झाली. भांडणापेक्षा वाद म्हणू. प्राचीन भारतात वाद ही गंभीर गोष्ट होती. राजाच्या दरबारात वाद व्हायचे आणि त्यांच्या निकालावर प्रतिष्ठा आणि आश्रय दोन्ही अवलंबून असत. पाली भाषेतल्या 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, भिक्षू नागसेनाशी चर्चा करायला येतो. नागसेन आधी विचारतो: पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर करू, राजांसारखी करणार असाल तर नको. फरक काय? पंडित एकमेकांचं म्हणणं उलगडतात, खोडतात, चूक झाली तर कबूल करतात आणि चिडत नाहीत. राजे एक गोष्ट ठरवतात आणि जो ती मान्य करत नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद पंडितांची पद्धत स्वीकारतो.

पण पंडितही काही साधुसंत नव्हते. न्यायदर्शन, म्हणजे तर्क आणि वाद यांचं वैदिक परंपरेतलं शास्त्र. त्याच्या सूत्रांत (त्याचे अनुयायी ते नैयायिक) वादाबरोबर जल्प आणि वितंडा यांनाही जागा आहे. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी वाटेल ती युक्ती वापरणं. वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं पाडत राहणं. कोवळ्या रोपाला जनावरांपासून जपायला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं सत्य जपायला या दोन गोष्टी कामी येतात, असं समर्थनही तिथे दिलं आहे. उदाहरण सुरेख आहे, पण पटत नाही. धर्मकीर्तीलाही पटलं नाही. 'वादन्याय' या ग्रंथात त्यानं नैयायिकांची हार ठरवायची बावीस कारणं बाजूला सारली आणि दोनच ठेवली. मांडणाऱ्यानं जे खरोखर सिद्ध करायला हवं ते मांडलं नाही तर तो हरला. आक्षेप घेणाऱ्यानं खरा दोष दाखवला नाही तर तो हरला. शब्दच्छल करून मिळवलेला विजय हा विजय नाही.

याच नैयायिकांनी अनुमानाची पाच पायऱ्यांची मांडणी पक्की केली होती. डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा). कारण तिथे धूर आहे (हेतू). जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात (उदाहरण). इथेही तसाच धूर आहे (उपनय). म्हणून डोंगरावर आग आहे (निगमन). समोरच्याला पटवायला ही मांडणी छान आहे. पण नीट पाहिलं तर तिचा सगळा भार 'जशी स्वयंपाकघरात' या एका दाखल्यावर आहे. एका चुलीवरून सगळे डोंगर! तिकडे नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञानं तर त्याही आधीचा प्रश्न टाकला होता: तुमची प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, खरी, हे कोणत्या प्रमाणानं ठरवलंत?

इथे येतो बौद्ध तर्कपंडित दिङ्नाग. काळ साधारण इ.स. ४८० ते ५४०. तिबेटी परंपरेप्रमाणे तो दक्षिणेत कांचीजवळ जन्मला. आपल्याशी त्याचा एक धागा जुळतो. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला होता. इथल्या एका डोंगरात कोरलेल्या भव्य विहाराचं वर्णन त्यानं केलं आहे. दाराबाहेरचे दगडी हत्तीही त्यानं नोंदवले आहेत. हा विहार म्हणजे अजिंठा, असं साधारणपणे मानलं जातं. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी ते हत्ती आजही उभे आहेत. त्याच विहारात पूर्वी 'जिन' बोधिसत्त्व वारंवार राहत असे, असंही तो लिहितो, आणि अभ्यासक या नावात दिङ्नागाला ओळखतात. पर्यटकांना तिथे चित्रं दाखवतात, ते योग्यच आहे. पण त्या खोल्यांत बसून कुणी नऊ घरांचा तक्ता मनात मांडत असेल, ही कल्पना मला चित्रांइतकीच आवडते.

दिङ्नागानं आधी पसारा कमी केला. ज्ञानाची खात्रीशीर साधनं दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्द, म्हणजे कुणाच्या तरी अधिकारवाणीनं मिळालेलं ज्ञान, हे तिसरं स्वतंत्र प्रमाण नाही. कुणाचं ऐकून आपण काही मानतो, तेव्हा 'हा माणूस विश्वासार्ह आहे, म्हणून हे खरं असणार' असं अनुमानच करत असतो. हा नियम स्वतःच्या गुरूलाही लागू झाला. 'प्रमाणसमुच्चय' या ग्रंथाच्या पहिल्या श्लोकात त्यानं बुद्धाला 'प्रमाणभूत' म्हटलं, आणि बुद्धाला तसं म्हणावं तरी का, हे सिद्ध करण्यात धर्मकीर्तीनं पुढे एक अख्खा अध्याय खर्च केला.

मग त्यानं हेतू, म्हणजे 'कारण' म्हणून दिलेला मुद्दा, तपासायच्या तीन अटी नीट बसवल्या. त्या त्याच्या आधीही चर्चेत होत्या, पण त्यांची घडी त्यानं घातली. पहिली: धूर त्या डोंगरावर खरोखर असला पाहिजे. ही अट क्षुल्लक वाटत असेल तर पावसाळ्यात घाटात उभं राहून बघा. दरीतून वर येतंय तो धूर की धुकं, हे सांगता येणार नाही. हा दोष या परंपरेच्या पाठ्यपुस्तकांत अगदी याच उदाहरणासह नोंदवला आहे. दुसरी अट: आग असलेल्या इतर ठिकाणी, म्हणजे 'सपक्षात', धूर आढळला पाहिजे, जसा चुलीवर. तिसरी: आग नसलेल्या ठिकाणी, म्हणजे 'विपक्षात', तो आढळता कामा नये, जसा तळ्यात आढळत नाही.

तिसरी अट हीच खरी कळीची गोष्ट. नुसते दाखले गोळा करणारा माणूस आपल्या बाजूचेच दाखले आणतो. दिङ्नाग त्याला उलट दिशेला पाठवतो: जा, जिथे तुझं म्हणणं लागू नाही तिथे हिंडून ये, आणि तिथेही तुझा हेतू सापडतो का ते सांग.

यातूनच 'हेतुचक्र' तयार झालं. हेतू सपक्षात तीन प्रकारे असू शकतो: सगळीकडे, कुठेच नाही, किंवा काही ठिकाणी. विपक्षातही हेच तीन प्रकार. तीन गुणिले तीन, नऊ घरं. त्याची बहुतेक उदाहरणं 'शब्द', म्हणजे ध्वनी, याबद्दलची आहेत. त्याला कारण आहे. वेदाचे शब्द नित्य आहेत, कुणी निर्माण केलेले नाहीत, असं मीमांसक म्हणत. बौद्धांना ते मान्य नव्हतं. म्हणून 'शब्द नित्य की अनित्य' हा त्या काळचा सर्वांत तापलेला विषय होता.

नऊही घरं फिरायची गरज नाही, चार पुरेत. 'शब्द नित्य आहे, कारण तो जाणता येतो.' पण जाणता सगळंच येतं, नित्यही आणि अनित्यही. हे म्हणजे 'त्याच्याकडे आधार कार्ड आहे, म्हणजे तो प्रामाणिक' असं म्हणण्यासारखं. हे पहिलं घर, हेतू निकामी. 'शब्द नित्य आहे, कारण तो निर्माण केला जातो.' निर्माण केलेली प्रत्येक वस्तू नाश पावते, म्हणजे हा हेतू नेमकं उलट सिद्ध करतो. स्वतःच्याच अशिलाला फाशीपर्यंत पोचवणारा वकील. हे चौथं घर, 'विरुद्ध'.

पाचवं घर माझं आवडतं. 'शब्द नित्य आहे, कारण तो ऐकू येतो.' ऐकू येणारी गोष्ट शब्दाखेरीज दुसरी कोणतीच नाही. त्यामुळे हा हेतू नित्य गोष्टींत सापडत नाही आणि अनित्य गोष्टींतही नाही. विपक्ष अगदी स्वच्छ आहे, तरी काहीच सिद्ध होत नाही, कारण तुलनेला दुसरं काही उरलंच नाही. 'आमचं गाव वेगळं आहे, म्हणून आमचा कायदा वेगळा' म्हणणाऱ्याचा युक्तिवाद याच घरात राहतो.

आठवं घर: 'शब्द अनित्य आहे, कारण तो प्रयत्नानं निर्माण होतो.' मडकं प्रयत्नानं होतं आणि फुटतं. वीज मात्र अनित्य असूनही कुणाच्या प्रयत्नानं चमकत नाही. म्हणजे सपक्षात हेतू काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही. तरीही हे अनुमान बरोबर! कारण नित्य गोष्टींत प्रयत्नजन्य असं काहीच नाही. सपक्षात हेतू सगळीकडे नसला तरी चालेल, विपक्षात मात्र एकदाही चालणार नाही. नऊ घरांपैकी दुसरं आणि आठवं, ही दोनच घरं पास होतात.

हीच गोष्ट पुढे धर्मकीर्तीनं 'न्यायबिन्दू'त एका अक्षरात बसवली, आणि इथे मराठी वाचकाला थोडा फायदा आहे. संस्कृतात 'एव' हा निपात आहे. मराठीत त्याचं काम 'च' करतो. आणि 'च' कुठे लावला यावरून अर्थ पूर्ण बदलतो, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. 'मीच चहा केला' आणि 'मी चहाच केला' यात घोटाळा केला तर घरात भांडण होईल.

न्यायबिन्दूतल्या तीन अटी मराठीत अशा उतरतात. ज्याबद्दल बोलतोय त्यात हेतूचं असणंच. सपक्षातच असणं. विपक्षात नसणंच. पहिल्या अटीत 'च' असण्याला लागला आहे, दुसरीत जागेला. असं का, ते टीकाकार धर्मोत्तर समजावतो. पहिल्या अटीसाठी तो झाडांचं उदाहरण घेतो: 'झाडं सचेतन आहेत, कारण ती झोपतात', म्हणजे रात्री पानं मिटतात. आपल्याकडे चिंच मिटते, शिरीष मिटतो, पण वड-पिंपळ मिटत नाहीत. बोलणं सगळ्या झाडांबद्दल आणि हेतू थोड्यांपुरता. 'असणंच' म्हटलं की हे बाद होतं. दुसऱ्या अटीत मात्र 'सपक्षात असणंच' म्हटलं असतं तर आठवं घर मारलं गेलं असतं, कारण विजेत प्रयत्न नाही. म्हणून 'सपक्षातच'. हेतू सपक्षाबाहेर जाऊ नये, एवढंच मागणं.

'च'चा हा अभ्यास धर्मकीर्तीनं प्रमाणवार्त्तिकात आणखी पुढे नेला आहे. 'चैत्र धनुर्धरच' म्हणजे तो धनुर्धर नाही ही शंका काढली. 'पार्थच धनुर्धर' म्हणजे दुसरा तसा कुणी नाही. 'कमळ निळं असतंच' म्हणजे निळं कमळ कधीच नसतं असं नव्हे. शाळेत शब्दयोगी आणि केवलप्रयोगी अव्ययं घोकताना हे कुणी सांगितलं असतं तर व्याकरण इतकं रुक्ष वाटलं नसतं.

आता परत पातेल्याकडे. समजा, विपक्षात हेतू सापडला नाही. पण 'सापडला नाही' आणि 'नाहीच' या दोन गोष्टी एक नव्हेत. तुम्ही किती तळी पाहिलीत? दिङ्नागानंतर ईश्वरसेन नावाच्या पंडितानं 'उलट उदाहरण दिसलं नाही, एवढं पुरे' अशी भूमिका घेतली होती, असं टीकाकार सांगतात. परंपरेप्रमाणे ईश्वरसेन हा धर्मकीर्तीचा गुरू. शिष्यानं त्यावरच भाताचं पातेलं उपडं केलं. दहा शितं शिजलेली दिसली म्हणून अकरावं शिजलेलं असेलच असं नाही. ते त्याच पातेल्यात आहे हा काही पुरावा नव्हे. मात्र तोच तांदूळ, तेवढंच पाणी, तेवढीच आच लागली असेल, तर शिजलं असं म्हणता येईल. मावशीचं तिथेच चुकलं. वरच्या शिताला आणि मधल्या शिताला सारखी वाफ मिळते, हे तिनं गृहीत धरलं. चार वाट्यांत ते खरं असतं, तीस माणसांच्या पातेल्यात नसतं.

म्हणजे दाखल्यांची संख्या वाढवून उपयोग नाही. दोन गोष्टींत खरी गाठ पाहिजे. धर्मकीर्ती तिला 'स्वभावप्रतिबन्ध' म्हणतो आणि अशा गाठी दोनच प्रकारच्या असतात असं सांगतो. एक, कार्यकारणाची: धूर आगीतून येतो, म्हणून धूर दिसला की आग असणारच. उलट मात्र नाही, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. दुसरी, एकाच स्वभावाची: ग्रंथातलं उदाहरण शिंशपेचं, हे शिंशपा आहे म्हणजे झाड आहेच. आपण म्हणू, हापूस आहे म्हणजे आंबा आहेच. उलट अनुमान करायला गेलात तर एप्रिलमध्ये बाजारात फसाल.

कार्यकारण तरी कसं ठरवायचं? धूर नव्हता, आग पेटली, धूर आला, आग विझली, धूर गेला. प्रयत्न आणि निरीक्षण. शंका तरीही काढता येते, आणि नैयायिकांनी ती शतकानुशतकं काढली.

या दोन गाठींवरून हेतूंचे दोन प्रकार होतात. तिसरा प्रकार 'अनुपलब्धी', म्हणजे न दिसणं. टेबलावर मडकं नाही, कारण दिसत नाही. इथे धर्मकीर्ती एक कडक अट घालतो: ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेड आहे, डोळे ठीक आहेत, मडकं दिसण्याजोगी वस्तू आहे, मगच 'नाही' म्हणा. पिशाच्च मुळात दिसणारं नव्हेच. ते दिसत नाही म्हणून ते नाही, असं म्हणता येत नाही. आहे, असंही म्हणता येत नाही. फक्त शंका उरते. भुतांच्या बाबतीत इतका सावध माणूस मी दुसरा वाचलेला नाही.

गाठ एकदा पक्की झाली की पाच पायऱ्यांची गरज उरत नाही. 'विदुषां वाच्यो हेतुरेव हि केवलः', जाणत्यांना नुसता हेतू सांगितला तरी पुरे. इथेही तो 'एव' आहेच.

यावर सगळ्यांत मार्मिक टोला जैनांनी मारला. पात्रस्वामींच्या नावानं सांगितला जाणारा श्लोक असा: 'अन्यथानुपपन्नत्वं यत्र तत्र त्रयेण किम्। नान्यथानुपपन्नत्वं यत्र तत्र त्रयेण किम्॥' साध्याशिवाय, म्हणजे जे सिद्ध करायचं त्याच्याशिवाय, हेतू संभवतच नसेल, तर तुमच्या तीन अटी कशाला? आणि तसं नसेल, तर तीन अटी असून तरी उपयोग काय? बौद्ध शान्तरक्षितानं आठव्या शतकात हा श्लोक उद्धृत करून उत्तर दिलं. मीमांसक कुमारिल भट्टाचं कृत्तिका नक्षत्राचं उदाहरणही असंच अडचणीचं. कृत्तिका उगवल्या म्हणजे रोहिणी लवकरच उगवणार, हे अनुमान बिनचूक. पण कृत्तिका रोहिणीचं कारण नाहीत, आणि दोन्ही एकच वस्तूही नाहीत. मग ही गाठ कुठली? दोन्हींचं मूळ कारण एकच आहे, असं सांगून बौद्धांनी यातून वाट काढली. मला ते उत्तर टिकणारं वाटतं, पण 'गाठी दोनच' या म्हणण्यातला सोपेपणा त्यानंतर उरत नाही, हेही खरं.

पुढे हे शास्त्र पांगलं. ह्युएन त्संगानं ६४७ साली 'न्यायप्रवेश' या छोट्या पाठ्यपुस्तकाचं चिनी भाषांतर केलं. त्यात तेहतीस दोषांची यादी आहे. चीन आणि जपानमधला या विषयाचा अभ्यास मुख्यतः त्यावरच उभा राहिला. भारतात विहार ओस पडले तशी मूळ पुस्तकं नाहीशी झाली. ज्या जैनांनी टोले मारले, त्यांच्याच भांडारांनी काही जपली. धर्मोत्तराच्या टीकेसह न्यायबिन्दूचं ताडपत्र खंबातच्या शांतिनाथ मंदिरात सापडलं. ते शोधलं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक पीटर पीटरसन यांनी, आणि १८८९ साली छापलं. प्रमाणवार्त्तिकाचं संस्कृत राहुल सांकृत्यायन यांना १९३० च्या दशकात तिबेटमधल्या मठांत मिळालं. प्रमाणसमुच्चय आजही मुख्यतः तिबेटी भाषांतरांतून आणि जिनेन्द्रबुद्धीच्या टीकेतूनच वाचावा लागतो.

मात्र हे शास्त्र जिवंत पाहायचं असेल तर फार लांब जावं लागत नाही. कोल्हापूर-बेळगाव ओलांडून कर्नाटकात गेलं की मुंडगोडला तिबेटी निर्वासितांनी पुन्हा उभे केलेले ड्रेपुंग आणि गांदेन मठ आहेत. तिथल्या अंगणात वाद चालतो. उत्तर देणारा बसलेला, प्रश्न विचारणारा उभा. विचारणारा पाय आपटून टाळी वाजवतो आणि प्रश्न फेकतो. बसलेल्याची ठरलेली उत्तरं थोडीच. 'दो', म्हणजे मान्य. 'ताक मा द्रुप', हेतूच सिद्ध नाही, म्हणजे धूर की धुकं तेच ठरलेलं नाही. 'ख्याप्पा मा जुंग', व्याप्ती नाही, म्हणजे गाठ दाखव. नव्या विद्यार्थ्याला सगळ्यात आधी जी अनुमानं घोकवतात, त्यांतलं एक असं: शब्द अनित्य आहे, कारण तो निर्माण केलेला आहे. शब्द नित्य मानणारा मीमांसक त्या अंगणात कुणी नाही, कधी येणारही नाही. पोरं तरीही पाय आपटून त्याच वाक्यानं सुरुवात करतात.